साडेअकरापर्यंतची मुभा

“चारशे सतरा कुणी मोजला होता?”

कुलथे सरांनी विचारलं तेव्हा मी बेसिनपाशी हात धूत होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार होता. प्रयोगशाळेत आम्ही सातजण होतो.

“सोयाबीनचा लॉट आहे. मार्चमध्ये आपण उगवण अठ्ठ्याहत्तर टक्के दिली. गोदामातून शंका आली म्हणून परत चाचणीला लावला. काल निकाल आला. एकसष्ट.” त्यांनी कागद टेबलावर ठेवला. “दोनशे पोती दुकानदारांकडं गेली होती. गाड्या पाठवून परत आणू लागलेत. ती शेतात पडली असती तर काय झालं असतं ते मी सांगायला नको. आठव्या दिवसाची मोजणी कुणी केली, एवढंच सांगा.”

कागदावर सहीचा रकाना रिकामा होता.

मी नळ चालूच ठेवला. लॉट नंबर ऐकताच मला तो दिवस आठवला होता. चारशे सतराची आठव्या दिवसाची मोजणी कुणीच केली नव्हती. आकडा तेवढा लिहिला होता, आणि तो मी लिहिला होता.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची बियाण्यांची कंपनी होती आणि तिच्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं काम करत होते. काम सांगायला सोपं. प्रत्येक लॉटमधले चारशे दाणे ओल्या कागदावर मांडायचे, कागदाच्या गुंडाळ्या करून उबदार कपाटात ठेवायच्या. सोयाबीनची गुंडाळी पाचव्या दिवशी उघडायची आणि मग आठव्या दिवशी. निरोगी कोंब किती आले ते मोजायचं. सत्तरच्या खाली गेलं की लॉट बाद. पाचव्या दिवशी टवटवीत दिसणारे कोंब आठव्या दिवशी कुजलेले निघू शकतात, म्हणून तर दुसरी मोजणी असते.

माझे यजमान दिगंबर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. बेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसहा ते साडेदहा त्यांचं डायलिसिस असायचं. वेळ बदलून मिळत नव्हती, यंत्रं कमी आणि माणसं जास्त. उठल्यावर त्यांना चक्कर यायची, धरून रिक्षात बसवावं लागायचं, घरी नेऊन दोन घास भरवावे लागायचे. आम्हाला मूलबाळ नाही. सासू-सासरे आधीच गेलेले. जे काही होते ते आम्ही दोघंच.

आणि माझी कामाची वेळ नऊची होती. तीनदा उशीर झाला की अर्धी रजा. डिसेंबरपर्यंत माझ्या सगळ्या रजा संपल्या, कंपनीची दोन पत्रं आली. त्या दिवसांत मी यंत्राशेजारी बसून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, जरा भरभर फिर, जरा भरभर फिर. हे मी माझ्या नवऱ्याच्या रक्ताला म्हणायचे. दात इतके आवळून धरायचे की दुपारी भाकरी चावता यायची नाही. कामावर पोचले तरी पहिला तास वाया जायचा. शंभर दाणे मोजायचे आणि आकडाच विसरायचे. परत मोजायचे, परत विसरायचे. कुलथे सरांना ते दिसायचं. ते काही बोलायचे नाहीत, त्याचंही ओझं व्हायचं.

जानेवारीत नवे मोठे साहेब आले आणि सहा महिने करून बघू म्हणून कंपनीनं लवचिक वेळ सुरू केली. सकाळी आठ ते साडेअकरा केव्हाही या, आठ तास भरा आणि जा. कार्मिक विभागाच्या जाधवर मॅडमनी सगळ्यांना उभं करून समजावून सांगितलं. त्यांचं बोलणं संपलं तशी मी संडासात गेले, कडी लावली आणि तोंडात पदर कोंबून रडले.

त्यानंतरचे दोन महिने मला अजून आठवतात. सोमवारी आणि गुरुवारी मी साडेअकराला यायचे, साडेसातपर्यंत बसायचे. बाकीच्या दिवशी नऊला. मला झोप लागू लागली. हातातलं काम संपलं तरी, कुणी सांगितलेलं नसताना, एखादी गुंडाळी मी परत उघडून बघायचे. फेब्रुवारीत दोन वाणांचे नमुने एकमेकांत मिसळलेले मला सापडले. कुलथे सरांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. तेव्हा वाटलं, आपण अजून कामाच्या आहोत.

एक गोष्ट मात्र बिघडली होती. कोण कधी येईल ते ठरलेलं नसल्यामुळं पाळ्यांचा तक्ता बंद झाला. ज्या दिवशी ज्या गुंडाळ्या उघडायच्या, त्या जो हजर असेल त्यानं उघडायच्या.

मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी तीन वाजता शेजारच्या काकूंचा फोन आला. सकाळी दिगंबररावांच्या हाताला जिथं सुया टोचल्या होत्या तिथून रक्त वाहू लागलं होतं. चादर भिजली, थांबत नाही, म्हणाल्या. माझ्या टेबलावर सहा लॉट होते. पाच मोजून झाले होते. सहाव्याच्या गुंडाळ्या मी उघडल्यासारख्या केल्या आणि डब्यात टाकल्या. पाचव्या दिवसाचा आकडा बघितला, त्यातून दोन कमी केले, अठ्ठ्याहत्तर लिहिलं आणि पळाले. सही करायची राहिली. रक्त थांबलं, टाके पडले, दुसऱ्या दिवशी कागद फाईलला लागून गेला होता. मी विसरले नव्हते. काही होणार नाही असं धरून चालले होते.

“मोठ्या साहेबांनी निरोप दिलाय,” त्या मंगळवारी कुलथे सर म्हणाले. “कोण केव्हा येतं, केव्हा जातं त्याचा पत्ता नाही, म्हणून हे झालं, असं त्यांचं म्हणणं. शुक्रवारपर्यंत कळलं नाही तर एक तारखेपासून सगळ्यांना नऊची वेळ.”

सर गेले. माझ्या शेजारच्या टेबलावर कावेरी ढगे बसायची. सव्वीस वर्षांची, बारीक चणीची, अंबड रस्त्यावरच्या एका गावातून एसटीनं येणारी. नवऱ्याला सोडून माहेरी राहते एवढंच आम्हाला माहीत होतं. ती माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, “ताई, नऊची वेळ झाली तर तुमचं कसं व्हायचं?”

बाकी सगळे आपापलं मोजत होते. हे तिनंच विचारलं.

“बघू,” मी म्हणाले.

बुधवारी दुपारी जाधवर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“बसा, शैलाताई. दिगंबररावांचं कसं आहे?”

“चाललंय.”

“ही योजना मी भांडून आणली. वर जो अहवाल पाठवला त्यात तुमचंच उदाहरण दिलंय. माणसाचा ताण कमी झाला की काम कसं सुधारतं, म्हणून.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे बंद झालं तर सगळ्यात जास्त तुमचं नुकसान आहे. म्हणून तुम्हालाच विचारते. मुभेचा गैरफायदा कोण घेतंय?”

मोजणीचं त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, कुणास ठाऊक. माझ्या डोळ्यांपुढं ते भिंतीवरचं घड्याळ होतं.

“कावेरी,” मी म्हणाले.

“काय करते?”

“आठला कार्ड पंच करते. नऊला मागच्या गेटनं बाहेर जाते. साडेदहाला परत येते. मी नऊला येते तेव्हा ती जाताना दिसते.”

“रोज?”

“बहुतेक रोज.”

“कुठं जाते?”

“माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.”

“मार्चमध्येही जायची?”

“हो.”

“म्हणजे दीड-दीड तास बाहेर आणि काम भरून काढायला मग आकडे…” मॅडम थांबल्या. माझ्याकडं बघत राहिल्या.

त्या वाक्यात मी एक शब्दही घातला नाही. नाही म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मग मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे. तुमचं नाव कुठं येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी गुरुवार. दिगंबररावांना घरी सोडून साडेअकराला पाच मिनिटं कमी असताना मी गेटवर पोचले. वॉचमनच्या बाकावर कावेरी बसली होती. मांडीवर डब्याची पिशवी.

“मला काढलं, ताई.”

तिनं पत्र पुढं केलं. कामाच्या वेळेत विनापरवानगी बाहेर जाणे, आणि उगवणीच्या नोंदीत खोटे आकडे भरणे. दोन ओळी, खाली सही आणि शिक्का.

“बाहेर जात होते ते खरंय. मी कबूल केलं. पण आकडे मी कधीच खोटे भरले नाहीत हो. तुम्ही शेजारी बसता माझ्या. तुम्हाला तर माहीतय.”

“हो,” मी म्हणाले. “कुठं जायचीस तू?”

हा प्रश्न मला चार महिन्यांत पहिल्यांदा सुचला.

“ओवीकडं.”

ओवी तिची मुलगी, चार वर्षांची. नवरा मारायचा म्हणून कावेरी घर सोडून निघाली तेव्हा सासरच्यांनी पोरगी ठेवून घेतली. सासर वसाहतीच्या मागच्याच वस्तीत. पोरगी सकाळी अंगणवाडीत यायची.

“अंगणवाडीच्या बाई मला बसू देतात. तासभर. ती खेळती, मी बघते. मांडीवर घेऊन वेणी घालून देते.” तिनं पिशवीचा बंद ओढून धरला. “निघताना परत सोडते. घरी कळलं तर तिला अंगणवाडीत पाठवणार नाहीत ना.”

“अगं मग साडेदहाला येत जायचं. मुभा होती की.”

“साडेदहाला आले तर सुटायला साडेसहा. आमच्या गावची शेवटची गाडी पाचची. लई हिशोब घालून बघितला, ताई. बसतच नव्हतं कुठं.”

आतून भोंगा झाला. साडेअकरा. वॉचमननं माझ्याकडं बघितलं.

“पुढच्या गुरुवारी कोर्टात तारीख आहे,” ती उठून उभी राहिली. “वकील म्हणाले होते, तुझी नोकरी पक्की आहे एवढं दिसलं तर पोरगी तुझ्याकडं येईल. आता हे पत्र. माझा दीर इथंच वसाहतीत कामाला आहे, संध्याकाळपर्यंत त्यांना कळेल. खोटं लिहिणारी बाई म्हणतील मला. तुम्ही याल का? अकराला. कावेरी कामात चोख होती, एवढंच सांगा जजसाहेबांना. तुम्ही अकरा वर्षांच्या जुन्या. तुमचं ऐकतील.” मग तिच्याच ध्यानात आलं. “गुरुवार आहे ना पण. दादांचा दिवस.”

“मी येईन,” मी म्हणाले.

“खरंच?”

“येईन म्हटलं ना.”

तिनं माझा हात धरला आणि सोडला. मी आत जाऊन कार्ड पंच केलं. एक मिनिट उशीर झाला होता, वेळ सांभाळणाऱ्या माणसानं तो धरला नाही.

शुक्रवारी कुलथे सरांनी सांगितलं, योजना चालू राहणार. कुणीतरी चहाबरोबर भजी मागवली. कावेरीचं टेबल भिंतीकडं सरकवलं होतं. मी दोन भजी खाल्ली. मला चव लागत होती, हेही आठवतं.

पुढचे दिवस मी मोजणी करत काढले. रोज ठरवायचे, आज सरांना सांगायचं. सर समोर आले की आधी दिगंबररावांचा चेहरा यायचा. त्यांचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालत होतं. नोकरी गेली की विमा जाणार. यंत्राविना माणूस किती दिवस राहतो ते मी त्या दवाखान्यातच बघितलं होतं. पलीकडच्या खाटेवरचे पाटोदकर गुरुजींच्या दोन खेपा चुकल्या आणि तिसऱ्या खेपेला त्यांच्या जागी दुसराच माणूस होता.

बुधवारी संध्याकाळी मात्र राहवलं नाही. दिगंबरराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांना दिवसाला मोजून पाणी प्यावं लागायचं, तांब्यावर खुणा केलेल्या. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. सुरुवातीपासून. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“आकडा तू लिहिलास,” शेवटी ते म्हणाले.

“हो.”

“माझा हात वाहू लागला त्या दिवशी.”

“हो.”

“आणि नाव तिचं घेतलंस.”

रस्त्यावरून एक बैल मोकळाच चालला होता, ते त्याच्याकडं बघत राहिले.

“उद्या कोर्टात खरं काय ते सांग. आकडा माझा होता म्हण.”

“नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

“मग तुमचं?”

“माझं तीन वर्षं झालं की यंत्रावर. आणखी किती ओढणार आहेस?” त्यांचा आवाज चढला नाही. “तिची पोरगी चार वर्षांची आहे, शैला. तिला अजून सगळंच बघायचंय.”

“तुम्ही असं बोलू नका.”

“मग कसं बोलू? मी मेल्यावर तू कशासाठी खोटं बोललीस म्हणून सांगशील?”

मी रडू लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, “सकाळी मला यंत्रावर बसव. दहाला तू निघ. मला सय्यदभाई रिक्षातून आणून सोडतील, मी सांगून ठेवतो. जाशील ना?”

“जाईन.”

त्या वेळी मी खरंच जाणार होते.

गुरुवारी साडेसहाला त्यांना यंत्रावर घेतलं. मी चांगली साडी नेसले होते, ती बघून ते जरासे हसले. नऊ चाळीसला त्यांच्या कपाळावर घाम आला. बोलता बोलता डोळे फिरले. यंत्र ओरडू लागलं. सिस्टर धावत आल्या, खाटेचा पायथा वर केला, सलाइन सोडलं. “दिगंबरराव, डोळे उघडा. डोळे उघडा.” मी त्यांचा तळपाय चोळत होते. पाय गार होता.

असं आधीही दोन-तीनदा झालं होतं. काही मिनिटं जातात, मग रक्तदाब वर येतो. त्या दिवशीही आला. हळूहळू गालावर रंग आला. त्यांनी डोळे उघडले, काहीतरी पुटपुटले आणि ग्लानीत झोपले.

सिस्टरनी पुन्हा रक्तदाब मोजला. “आता छान आहे. काळजीचं काही नाही. तुम्हाला कुठं जायचं होतं ना? जा तुम्ही, मी आहे इथं.”

घड्याळात सव्वादहा झाले होते. कोर्ट दवाखान्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर.

मी पर्स खांद्याला अडकवली. दारापर्यंत गेले. बाहेर सय्यदभाईंची रिक्षा सावलीत उभी होती, ते आत पाय वर घेऊन पेपर वाचत होते. मी हाक मारली असती तर ते लगेच उठले असते. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. मग परत फिरले आणि स्टुलावर बसले.

पर्स मांडीवर ठेवली. ते झोपलेले. नळीतून रक्त जात होतं, येत होतं. साडेदहा. पावणेअकरा. त्या दिवशी मी घड्याळाला काहीच म्हटलं नाही. यंत्र बंद झालं तेव्हा सुया काढल्यावर हातावर कापूस दाबून धरायचा असतो, दहा मिनिटं. मी तो वीस मिनिटं दाबून धरला.

अकरा वाजून गेल्यावर ते जागे झाले. आधी मला बघितलं, मग घड्याळ.

“गेली नाहीस?”

“तुमचं बीपी खाली गेलं होतं,” मी म्हणाले. “तुम्ही बेशुद्ध होता.”

ते छताकडं बघत राहिले. डोळ्याच्या कडेनं पाणी कानाकडं ओघळलं. पुसायला त्यांचा एक हात मोकळा होता, पण त्यांनी पुसलं नाही.

“माझ्यामुळं राहिलं,” ते म्हणाले.

सिस्टर पलीकडच्या खाटेपाशी होत्या. मला वाटलं त्या आता बोलतील. त्या पट्टी बांधत होत्या, त्यांनी ऐकलंही नसेल.

“असं काही नसतं,” मी म्हणाले. “उठा. सावकाश उठा.”

त्यांना घरी सोडून मी कोर्टात गेले तेव्हा साडेबारा झाले होते. कावेरी पायऱ्यांवर वडिलांशेजारी बसली होती. वडिलांनी टोपी काढून हातात धरली होती. निकाल आधीच झाला होता. त्या पत्राची प्रत नवऱ्याच्या वकिलानं पुढं केली. मुलगी तूर्त नवऱ्याकडंच. महिन्यातून दोन रविवार, दोन तास, आईनं भेटावं. आणि कामाच्या वेळेत ती कुठं जायची तेही तिथं निघालं, म्हणून अंगणवाडीत जायचं नाही.

मला बघून ती उठली.

“दादा बरे आहेत ना?”

“बीपी एकदम…” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

“मला वाटलंच. मी अण्णांना म्हटलंसुद्धा, ताई यायच्या राहणार नाहीत, दादांचंच काहीतरी झालं असणार.” तिचे डोळे सुजले होते. पायरीवरून एक माणूस गठ्ठा घेऊन खाली उतरला, तिनं त्याला वाट दिली. मग म्हणाली, “साडेअकरा तर होऊन गेले. तुमचा अर्धा दिवस जाईल, ताई. जा तुम्ही.”

मी गेले. कामावर गेले आणि आठ लॉट मोजले.

जूनमध्ये लवचिक वेळ कायमची झाली. त्याआधी सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला. ताण कमी झाला का, कामात उत्साह वाटतो का. मी दोन्हीकडं ‘हो’ लिहिलं. जाधवर मॅडमनी तो वाचून माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढं कुलथे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा मला मिळाली.

दिगंबरराव आणखी अडीच वर्षं जगले. सोमवार आणि गुरुवार, एकही खेप चुकली नाही. यंत्रावर पडल्या पडल्या ते मधूनच विचारायचे, त्या पोरीचं काही कळलं का. मी नाही म्हणायचे. एकदा म्हणाले, मी त्या दिवशी एकटाच आलो असतो तर. मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. कितीदा तरी वाटलं की सांगावं, तुम्ही सव्वादहालाच बरे झाला होता. ते सांगितलं असतं तर त्यांच्या छातीवरचा दगड उतरला असता. तो माझ्याकडं आला असता आणि पुढचे सोमवार-गुरुवार त्यांनी माझ्याकडं कसं बघितलं असतं, एवढ्याच भीतीनं मी गप्प राहिले.

शेवटच्या आठवड्यात ते दवाखान्यातच होते. श्वास लागायचा, दोन शब्दांनंतर थांबावं लागायचं.

“कावेरीकडं जा,” ते म्हणाले. “सांग तिला. माझ्यामुळं झालं. माझ्या वतीनं माफी माग.”

“मागते,” मी म्हणाले.

तेरावं झाल्यावर मी तिच्या गावी गेले. ती माहेरीच होती, शिवणकाम करायची. ओवी सात वर्षांची झाली होती. दोन रविवारांचे तेव्हा चार झाले होते. कावेरीनं मला घरात बसवलं, पाणी दिलं, माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघून पदर डोळ्याला लावला.

मी निरोप सांगितला. जसा त्यांनी दिला होता तसाच, शब्दही बदलला नाही.

ती ऐकून घेत होती. मग हुंदका आवरत म्हणाली, “दादांना कामून असं वाटायचं, ताई? त्यांचा काय दोष?”

“काहीच नाही,” मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत होती, आणखी काही बोलेन म्हणून. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि प्यायले.